‘आम्हीं घरींच सांभाळलें’

आपल्या सुशिक्षित वर्गांत हल्लीं एक वाक्य पदकासारखें छातीवर मिरविलें जात आहे. ज्या घरांतील आई किंवा वडील स्मृतिभ्रंशानें आजारी होते आणि नुकतेच वारले, त्या घरीं समाचाराला जावें, तर सतरंजीवर बसतों न बसतों तोंच तें कानीं येतें : ‘शेवटपर्यंत आम्हीं घरींच सांभाळलें, कोठें ठेवलें नाहीं.’ ऐकणारे मान डोलवितात. आणि ज्यानें आपल्या माणसाला एखाद्या संस्थेंत ठेवलें आहे असा कोणी त्या बैठकींत असला, तर तो खालीं पाहतो. या वाक्याशीं आमचें भांडण आहे. सांभाळणाराशीं नाहीं, ज्यानें खरोखर सांभाळलें त्याच्यापुढें, किंबहुना तिच्यापुढें, आम्ही हात जोडतों. भांडण त्या वाक्यांतील फुशारकीशीं आणि त्या फुशारकीखालीं जें झांकलें जातें त्याच्याशीं आहे.

प्रथम त्यांतील सर्वनाम पाहावें. ‘आम्हीं’ हें बहुवचनी आहे. हात मात्र दोनच असतात, आणि ते बहुधा सुनेचे, कधीं अविवाहित राहिलेल्या मुलीचे, कधीं स्वतः सत्तरी ओलांडलेल्या पत्नीचे असतात. मोठा मुलगा हिंजवडीस नोकरीला. तो शनिवारीं येतो, आईच्या पायांना हात लावतो, औषधांचे पैसे देतो आणि रविवारीं सायंकाळीं परततो. धाकटा शेतावर. नातवंडें परीक्षेच्या अभ्यासांत. सोमवारपासून ‘आम्ही’ म्हणजे ती एकटी. रोग्याची रात्र आणि दिवस उलटे झालेले असतात, म्हणून तिचेही होतात. दिवेलागणीच्या सुमारास रोग्याची बेचैनी वाढते. स्वतःच्या घरांत, स्वतःच्या बाजेवर बसून ‘मला घरीं पोंचवा’ हें मागणें सुरू होतें, आणि ‘आई, हें घर तुमचेंच’ या उत्तरानें तें कमी होत नाहीं, वाढतें. जेवण झालेलें विसरलें जातें व ‘सून उपाशी ठेवते’ ही तक्रार शेजाऱ्यापाशीं जाते. पाटल्या स्वतःच पिठाच्या डब्यांत लपविलेल्या असतात, आळ मात्र तिच्यावर. संशय आणि आळ हीं रोगाचींच लक्षणें आहेत, स्वभावाचीं नव्हत, हें तिला कोणीं सांगितलेलें नसतें. पुढें मलमूत्राचें भान जातें. रोगी सासरा असेल, तर त्याला स्नान घालणें हा दोघांच्याही लाजेचा विषय होतो. त्यालाही तेवढी लाज शेवटपर्यंत उरलेली असते, आणि तो हात उगारतो. हें चार-सहा महिने चालत नाहीं; निदान झाल्यापासून चार, सहा, आठ वर्षें आणि क्वचित् त्याहून पुष्कळ अधिक चालतें. या वर्षांत त्या स्त्रीचें माहेर तुटतें, झोंप तुटते, कंबर जाते. मग एके दिवशीं रोग्याची सुटका होते, आणि चार लोकांत पति म्हणतो, ‘आम्हीं घरींच सांभाळलें.’

रोगाची ओळखही आपल्याला अर्धीमुर्धीच आहे. जुन्या बोलींत ‘म्हातारचळ’ म्हटलें कीं काम भागे. ‘साठी बुद्धि नाठी’ म्हटलें कीं थट्टाही साधे. वस्तुतः जिच्यावरून हा रोग वैद्यकाला प्रथम नीट कळला, ती स्त्री १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत आली तेव्हां एक्कावन्न वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ सालीं, आलॉइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें तिच्या मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखालीं जें पाहिलें तें ट्यूबिंगेन येथील सभेपुढें मांडलें. मेंदूच्या पेशी मरतात. बुद्धि रुसून जात नाहीं. हल्लीं रूढ झालेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही आम्हांस सर्वस्वीं निर्दोष वाटत नाहीं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत तो येतो विषयचिंतन, काम, क्रोध आणि संमोह या उतरंडीच्या शेवटाकडे. म्हणजे तेथें स्मृति जाते ती माणसाच्या स्वतःच्या असंयमानें. शब्दाला हा वास चिकटलेला आहे, आणि ‘आयुष्यभर तापट होते, त्याचें हें फळ’ असें म्हणणारे विद्वान् आमच्या परिचयाचे आहेत. जपाननें २००४ सालीं या विकाराचें जुनें, मूढपणाचा बोध करणारें नांव सरकारी व्यवहारांतून काढून टाकलें व आकलनाचा विकार अशा अर्थाचें नवें नांव घेतलें. आपण नांव बदलावें असा आमचा आग्रह नाहीं. नांव कोणतेंही असो, विसरूं लागलेल्या माणसाला एकवार डॉक्टरकडे न्यावें इतकें तरी व्हावें. कारण थायरॉइडचा दोष, ‘ब-१२’ या जीवनसत्त्वाची उणीव, मनाचा खोल विषाद, यांनींही असेंच विसरणें येतें आणि तें बरें होऊं शकतें. वय झालें म्हणून गप्प बसणारीं कुटुंबें ही एवढीही संधि दवडतात.

आतां आंकडा. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें हिंदुस्थानांत साठीपुढील लोकांत शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, या विकारानें ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षां स्त्रियांत प्रमाण अधिक आणि शहरांपेक्षां खेड्यांत अधिक. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं पुन्हां वाचावें. या रोग्यांसाठीं म्हणून जीं थोडीं निवासी घरें आपल्या देशांत निघालीं आहेत, तीं बहुतेक बेंगळूर, पुणें, मुंबई अशा नगरांत किंवा त्यांच्या अंगणांत. रोग खेड्यांत आणि घर शहरांत, असा हा प्रकार आहे.

आम्ही हें पुण्याच्या पेठेंत बसून लिहीत नाहीं. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावरील सणसर आणि त्याच्या आसपासच्या वस्त्या हा आमच्या रोजच्या पायाखालचा मुलूख आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें या पट्ट्याला पाणी दिलें, पाण्यानें ऊस दिला, उसानें शेजारीं भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना दिला. आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीनंतर सणसरला मुक्काम करते. असल्या भरल्या गांवाविषयीं शहरांतील मंडळींचा एक गोड समज असतो. ‘खेड्यांत सर्व एकमेकांस ओळखतात, वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला कोणीही हात धरून घरीं पोंचवितो, तुम्हांला कसलीं निवासी घरें हवींत?’ गांवठाणापुरतें हें खरें आहे, आणि तें चांगलें आहे. परंतु ऊस आल्यापासून घरें गांवठाणांतून मळ्यांवर गेलीं. वस्तीवरचें घर म्हणजे सभोंवार पुरुषभर उंच ऊस, पलीकडे विहीर, त्यापलीकडे कालवा. आणि गळिताच्या हंगामांत रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. या रोगांत माणसाला चालत सुटण्याची ओढ लागते. तो उसांत वीस पावलें शिरला, तर त्याला हांक ऐकूं येते पण हांकेची दिशा कळत नाहीं. कालव्याचें पाणी त्याला त्याच्या लहानपणीच्या ओढ्याचें वाटतें. पालखीच्या दिवशीं तर रस्त्यावर माणसांचा पूर असतो. त्यांत पांढरें धोतर, पांढरी टोपी अशी म्हातारीं माणसें हजारों, त्यांत एक आपला. त्याला कोणीं आणि कसें ओळखावें?

म्हणून कडी येते. बाहेरून लावलेली, खोलीच्या दाराची कडी. सून शेताकडे भाकरी घेऊन जाते तेवढ्यापुरती पहिल्यानें, मग दुपारभर, मग रात्रभर. काहीं घरीं पायाला दोरी असते. मऊ सुती दोरी, रोग्याला काचूं नये म्हणून. हें क्रौर्य नव्हे. ज्या घरांत दोनच हात आहेत त्या घरानें दुसरें काय करावें, हें आम्हांलाही सांगतां येत नाहीं. पण मग एवढें तरी कबूल व्हावें कीं, ही कैद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत मानसिक आजाराच्या व्याख्येंतच स्मृति आणि दिक्कालाचें भान यांचा गंभीर बिघाड धरलेला आहे, आणि अशा रोग्याला कोणत्याही प्रकारें सांखळीनें बांधणें त्याच कायद्यानें निषिद्ध केलें आहे. संस्थेनें बांधलें तर चौकशी होऊं शकते. घराच्या उंबरठ्याशीं कायद्याची नजर थांबते, आणि शेजाऱ्यांची नजर कौतुकानें भरून येते. तीच कडी संस्थेच्या दाराला असली तर पाप आणि घराच्या दाराला असली तर संस्कार, हा न्याय आम्हांला कळत नाहीं.

‘पण आपल्या संस्कृतींत हें बसत नाहीं.’ हें दुसरें वाक्य. संस्कृति म्हणजे काय हें बोलणाराला विचारूं नये. तो वानप्रस्थाश्रमाचें नांव घेईल, आणि वानप्रस्थाश्रमांत तर घर सोडून जावयाचें असतें! तें असो. आम्हांस एवढेंच आठवतें कीं, हें वाक्य महाराष्ट्रानें पूर्वींही ऐकलेलें आहे. सणसरवरून पालखी ज्या पंढरीकडे जाते, त्याच पंढरींत १८७५ सालीं टाकलेल्या अर्भकांसाठीं बालकाश्रम निघाला. अर्भकें टाकलीं जातात हें मान्य करणेंच तेव्हांच्या प्रतिष्ठितांना अब्रूवर घाला वाटत होतें. १८९६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली आणि पुढें हिंगण्याच्या माळावर झोंपडी उभारली, तेव्हां ‘घरच्या बाईनें घरांत राहावें, आश्रम कशाला?’ हा प्रश्न घरोघर विचारला गेला. तेव्हांही ‘आम्हीं आमच्या विधवा घरींच सांभाळल्या’ असें म्हणणारे होते. आणि कोणत्या खोलींत, कोणत्या कामाला जुंपून, हें ते सांगत नव्हते. आज त्यांच्याच नातींच्या मुली त्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या असतात. जी सोय आपल्याला नको असते ती संस्कृतीविरुद्ध ठरते, आणि पन्नास वर्षांनीं तीच संस्कृतीची शोभा होते.

एकत्र कुटुंबाचा दाखला याहून अधिक गंभीरपणें घेतला पाहिजे. पूर्वीं एका घरांत दहा बायका होत्या आणि काम वांटलें जाई, हें खरें. परंतु पूर्वीं या रोगाला पोंचण्याइतकें जगणारीं माणसेंच थोडीं होतीं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलें सरासरी आयुर्मान बत्तिसाच्या आसपास होतें. आज तें सत्तरीला टेकलें आहे. (सरासरी खालीं ओढणारीं बहुतेक अर्भकेंच होतीं, हें आम्हांस ठाऊक आहे, तरीही ऐंशीच्या घरांतलीं माणसें तेव्हां गांवांत बोटांवर मोजण्याइतकीं असत.) शिवाय त्या दहा बायकांना कोणीं विचारलें होतें? त्यांच्यांतली जी सर्वांत निराधार, बहुधा बाल्यांत विधवा झालेली, तिच्याच वांट्याला हें काम येई. एकत्र कुटुंबानें म्हाताऱ्यांना सांभाळलें हें म्हणणें म्हणजे पुन्हां तेंच सर्वनाम.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणि शास्त्री या रोगांत सांपडलेले आहेत. मुलगी त्यांना घेऊन बाहेर पडली असतां ते एका हत्तीच्या मागून निघून जातात आणि माहुताच्या झोंपडींत पोंचतात. मोहन आगाशे यांनीं शास्त्री उभे केले आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठीं अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. चित्रपट उत्तम आहे. आमची तक्रार तो पाहून रडलेल्या प्रेक्षकांविषयीं आहे. ‘त्या अडाणी बाईला जें कळलें तें शिकलेल्या मुलींना कळलें नाहीं’ हा निष्कर्ष घेऊन कित्येक जण नाट्यगृहाबाहेर पडले. माहुताच्या बायकोनें म्हाताऱ्याला लेकराप्रमाणें भरविलें, हें आम्हांसही हेलावून गेलें. पण तिनें भरविलें तें थोडका काळ. मुलीनें किती वर्षें भरविलें होतें, किती रात्री जागली होती, आणि हत्तीमागें जाऊं दिलें त्या एका क्षणाच्या अपराधाचें ओझें तिला किती काळ वाहावें लागणार होतें, हा हिशेब दिग्दर्शकांनीं डोळ्यांपुढें ठेवला होता. प्रेक्षकांनीं तो केला नाहीं. एका दिवसाची दया सुंदर दिसते. आठव्या वर्षाच्या दयेला विश्रांति लागते, पगार लागतो, पाळी बदलणारें दुसरें माणूस लागतें.

इतकें म्हटल्यावर, आज जीं ‘मेमरी केअर’ची पाटी लावून घरें निघत आहेत त्यांचे आम्ही भाट आहों असें कोणी समजूं नये. त्यांतील काहीं खरोखर चांगलीं आहेत, मायेनें आणि शास्त्रानें चालविलेलीं. परंतु या धंद्यांत नुसती पाटी रंगविण्यास कांहींच लागत नाहीं. बंगला भाड्यानें घ्यावा, बाहेर गुलाब लावावे, आंत वीस रोग्यांना दोन पोरगीं नेमावींत, आणि संध्याकाळची बेचैनी झोंपेच्या गोळीनें मिटवावी, म्हणजे ‘शांत वातावरण’ सिद्ध झालें. मुलगा महिन्यांतून एकदां परदेशांतून पडद्यावर आईला पाहतो. आई झोंपलेली असते. ‘आतां किती शांत आहे’ म्हणून तो समाधान पावतो. गोळीची ही कडी लोखंडाच्या कडीहून वाईट आहे, कारण ती दिसत नाहीं. आणि साधे वृद्धाश्रम? त्यांपैकीं पुष्कळांच्या नियमांतच ‘स्वतःचीं कामें स्वतः करूं शकणारा’ अशी अट असते. ज्याला आश्रयाची सर्वांत अधिक गरज, त्याच्या तोंडावर दार.

सरकारनें काय केलें? २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत दर जिल्ह्यांत निदान एक वृद्धाश्रम, निदान दीडशें निराधार वृद्धांसाठीं, अशी तरतूद आहे. क्रियापद मात्र आज्ञार्थी नाहीं. सरकार असे आश्रम स्थापूं शकेल, इतकेंच. त्याच कायद्यांत आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. तरतूद योग्यच आहे. परंतु या कायद्याला दोनच प्रकारचीं मुलें ठाऊक आहेत, सांभाळणारीं आणि टाकणारीं. सांभाळतां सांभाळतां मोडून गेलेलीं त्याच्या व्याख्येंत नाहींत. आणि दीडशें माणसांचें घर तर या रोग्यांना अगदींच कामाचें नाहीं. ज्याला स्वतःची खोली ओळखतां येत नाहीं, त्याला दीडशें खोल्यांच्या लांब ओसरींत सोडणें म्हणजे दुसऱ्या उसांत सोडणें होय. केरळानें याहून बरें पाऊल टाकलें आहे. त्या प्रांतांत या रोग्यांच्या कुटुंबांची संघटना १९९२ सालींच उभी राहिली होती. २०१४ मध्यें राज्य सरकारनें तिच्या साहाय्यानें ‘स्मृतिपथम्’ नांवाची योजना काढून दिवसाचीं आणि निवासी अशीं दोन्ही प्रकारचीं केंद्रें चालविण्यास आरंभ केला. केंद्रें थोडीं, रोगी पुष्कळ, हें तेथेंही आहेच. पण हें काम सरकारचेंही आहे असें तेथें एकदां लेखी मान्य झालें, याचें मोल आम्ही लहान समजत नाहीं.

हॉलंडांत आम्स्टरडॅमजवळ वेस्प या गांवीं २००९ सालीं ‘होखेवैक’ नांवाची वसाहत उघडली, तिचा बोलबाला जगभर झाला आहे. तेथें रुग्णालयासारख्या ओसऱ्या नाहींत. सहा-सात रोग्यांचें एक घर, अशीं पंचविसांच्या आसपास घरें. चौक, दुकान, उपाहारगृह, नाटकगृह. आणि ज्यांची पूर्वायुष्यांतली राहणी सारखी त्यांना एका घरीं ठेवावयाचें, अशी पद्धति. वसाहतीला बाहेरून एकच दार, आंत हिंडण्यास पूर्ण मोकळीक. खर्चाचा मुख्य भार सरकारच्या दीर्घ शुश्रूषेच्या योजनेवर पडतो. तिच्यावर टीकाही झाली. हें खोटें गांव आहे, रोग्याची फसवणूक आहे, असें काहीं पंडित म्हणाले. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं, कारण आम्हांला खोटें गांव बांधावयाचेंच नाहीं. सणसर हें खरें गांव आहे.

येथील रोग्याला काय ओळखीचें आहे? गोठ्याचा वास, चुलीचा धूर, तुळशीवृंदावन, ज्वारीची भाकरी, कांबळें, दावें, सायंकाळचा हरिपाठ. मुलाचें नांव विसरलेला वारकरी टाळ हातीं दिला कीं पुढच्या चरणाला बरोबर येतो. गळ्यांत मुरलेलें संगीत या रोगांत फार उशिरां जातें, हें वैद्यकासही मान्य आहे. अशा माणसाला शंभराहून अधिक किलोमीटरांवर, पुण्याच्या एखाद्या सदनिकेच्या चौथ्या मजल्यावर, पांढऱ्या भिंतींत आणि शहरी बोलींत नेऊन ठेवणें म्हणजे त्याच्यापाशीं जें थोडें उरलें आहे तेंही काढून घेणें. जागा बदलली कीं या रोग्याचा गोंधळ वाढतो, हें तर प्रसिद्धच आहे. जागा बदलावीच लागली तर ती निदान त्याच्या ओळखीच्या जगांतली असावी. आठ-दहा माणसांचें, अंगणाचें, एकमजली घर, भोंवतीं कुंपण आणि कुंपणाच्या आंत गोल फिरून परत ओसरीवर येणारी पायवाट, दोन गाई, दिवसां आणि रात्रीं निराळीं माणसें. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. तेथील एखादा डॉक्टर पंधरवड्यानें येऊं शकेल. भोंवतालच्या गांवांतील बारावी होऊन घरीं बसलेल्या मुलींना हें काम शिकवितां येईल. मात्र त्यांना वेतन द्यावें लागेल, ‘सेवा’ म्हणून राबवून घेतां येणार नाहीं. सुनेकडून फुकट घेतलेलें काम परक्या मुलीकडून फुकट घेणें एवढीच सुधारणा आम्हांस नको आहे.

पैसा कोठून, असें विचारलें जाईल. या मुलखाला तो प्रश्न शोभत नाहीं. येथें सहकारानें कारखाने उभे केले, दूधसंघ काढले, शाळा-महाविद्यालयें बांधलीं. सभासदाच्या उसाच्या बिलांतून देवळांच्या सभामंडपांना वर्गणी जाते. दहा खाटांचें घर हें या पट्ट्याच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. आणि परक्याची चाकरी करावयाची या गांवांना संवय नाहीं असें कोण म्हणेल? पालखीच्या रात्रीं जे लोक अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपतात, त्यांना आंघोळीला पाणी तापवून देतात, त्यांच्या पंगती उठवितात, त्यांना ही विद्या शिकवावी लागणार नाहीं. फक्त ती एका रात्रीची आहे, ती वर्षाची करावयाची.

सर्वच रोग्यांना संस्थेंत न्यावें असें आम्ही म्हणत आहों, असा अर्थ काढला जाईल म्हणून सांगतों. पहिलीं वर्षें घरासारखें स्थान नाहीं. पुष्कळांना शेवटपर्यंतही घरच बरें. जेथें माणसें पुरेशीं आहेत आणि मनें थकलेलीं नाहींत तेथें दुसरा विचारही करूं नये. सणसरसारख्या ठिकाणीं प्रथम तर दिवसाचें केंद्रच हवें, सकाळीं आणून सोडावें आणि सायंकाळीं न्यावें असें. त्याच्या जोडीला पंधरा-वीस दिवसांच्या विसाव्याची सोय. शेतकऱ्याच्या घरीं तोडणीचे, लागणीचे, लग्नसराईचे दिवस असे येतात कीं दोन हातांना चार कामें होतात. कडी लागते ती त्याच दिवसांत. तेवढे दिवस निभावले तर पुष्कळ घरें पुढचीं वर्षें आनंदानें काढतील. कायमचा निवास हा त्यानंतरचा प्रश्न.

‘एकदां असें घर निघालें कीं लोक आईबापांना सर्रास आणून टाकतील,’ ही भीति उरते. टाकणारे टाकतील. ते आजही टाकतात, एस्.टी. स्थानकावर टाकतात, देवस्थानाच्या पायरीवर टाकतात, आणि सर्वांत अधिक म्हणजे स्वतःच्याच घराच्या मागल्या खोलींत टाकतात. त्यांच्या भयानें बाकीच्यांना दार बंद ठेवणें हा कोठला न्याय? प्रवेश देतांनाच भेटीचा वार ठरवावा, न येणाऱ्याचें नांव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावें. याहून कडक कांहीं सुचत असेल तर वाचकांनीं सुचवावें.

‘पण सणसरला असल्या घरांत येणार कोण?’ असें आमचे एक स्नेही परवां म्हणाले. पहिल्यानें गांवांतलें कोणी येणार नाहीं, हें आम्हीं त्यांना कबूल केलें. ज्यांचीं मुळें इकडचीं आणि बिऱ्हाडें पुण्याचीं, अशा दोन-चार कुटुंबांचीं माणसें येतील. मग केव्हां तरी कार्तिकांत, तोडणी लागली कीं, कोणी अंधार पडल्यावर, कोणाला दिसूं नये अशा बेतानें, बंद जीपमधून आपल्या आईला वीस दिवसांसाठीं घेऊन येईल. तिला आंत घ्यावें, ओसरीवर तिचें कांबळें पसरावें, आणि वहींत ‘आजवर सांभाळणारे’ या रकान्यांत मुलाच्या नांवाच्या आधीं सुनेचें नांव लिहावें.